पाहुण्याचा फोटो

काकासाहेबांच्या घरात एक पाहुणा राहायचा. त्याला ताट लागत नव्हतं, तांब्या लागत नव्हता. टेबलावर ठेवलेल्या पांढऱ्याशुभ्र मॅकच्या पोटात तो राहायचा, आणि त्याचं नाव होतं विंडोज.

काकासाहेब हे भोकरदनचे निवृत्त हेडमास्तर. थोरला मुलगा वसंता अमेरिकेत. दोन हजार सातच्या दिवाळीला तो आला तेव्हा वडिलांसाठी हा मॅक घेऊन आला. बाप कौतुकानं त्यावर हात फिरवत राहिला, आणि मग कळलं की त्यावर मराठीचं काम होणार नाही. औरंगाबादचा छापखाना ज्या सॉफ्टवेअरमधली फाइल मागत होता, ते फक्त विंडोजवर चालायचं. तेव्हा वसंतानं मॅकच्या आतच एक विंडोज बसवून दिलं. खऱ्या कॉम्प्युटरच्या आत एक नसलेला कॉम्प्युटर.

आईला समजावताना तो म्हणाला, "आई, मॅक हा घरमालक आन् विंडोज हा पाहुणा. मालक देईल तेवढ्या जागेत त्यानं राहायचं. पण त्याला आतून वाटतं, सारं घर आपलंच हाये."

द्वारकाबाई म्हणाल्या, "म्हंजी तुझ्या बापासारखंच की."

तेव्हापासून घरात तोच शब्द रुळला. पाहुणा उठला का? पाहुण्याला झोपवा, लाइट जायचा टाइम झाला. पाहुणा आज लई सुस्त चालून राह्यला.

जाताना वसंतानं आणखी एक सांगून ठेवलं. दर शनिवारी पाहुण्याचा फोटो काढायचा. हा फोटो भिंतीवर लावायचा नव्हे. त्या घडीला पाहुण्याच्या पोटात जे जे असेल, प्रत्येक पान, प्रत्येक अक्षर, लुकलुकणारी ती उभी रेघसुद्धा, सारं जिथल्या तिथं गोठवून ठेवणारा फोटो. पुढं कधी बिघाड झाला तर त्या फोटोवर बोट ठेवायचं, की पाहुणा त्या दिवसात परत. मधले दिवस त्याच्या लेखी उगवलेच नाहीत.

या पाहुण्याची उठबस करायला सत्यशीला यायची. भीमनगरची, पस्तिशीची, मराठी टायपिंग चाळीसच्या वेगानं पास झालेली. सकाळी तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात अर्ज टाइप करायची आणि दुपारी दोन ते पाच काकासाहेबांकडं. तिचा चहाचा ग्लास खिडकीत पालथा ठेवलेला असायचा. तीच विसळायची, तीच परत पालथा घालायची. त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. तीही नाही.

काम असं होतं की काकासाहेबांच्या आई, केशरबाई, आदल्या फाल्गुनात वारल्या होत्या. वर्षश्राद्धाला त्यांच्या जात्यावरच्या ओव्यांचं पुस्तक काढायचं ठरलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली काकासाहेबांनी नवा टेपरेकॉर्डर घेतला तेव्हा आईला बटण दाखवून ते शाळेत निघून गेले होते. त्या दिवशीची एक कॅसेट कपाटात जपलेली होती. ती ऐकायची आणि अक्षरात उतरवायची.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सत्यशीलेनं हेडफोन कानाला लावला आणि बटण दाबलं. आधी नुसती घरघर. मग केशरबाईंचा आवाज आला, "चालू दे गं, बटन दाबलंय म्या." मग दुसरा आवाज आला. जात्याच्या घरघरीवर तरंगत, सुपातून दाणे सांडावेत तसा मोकळा.

*पहिली माझी मूठ, जात्याच्या गं मुखी*
*भाऊ माझा कडूबा, राहो वाटंवरी सुखी*

सत्यशीलेची बोटं कळफलकावर तशीच राहिली. तो तिच्या आईचा आवाज होता.

उषाबाईचा. दोन वर्षांपूर्वी लकवा आला, उजवी बाजू गेली आणि त्याच फटक्यात वाचाही गेली. तेव्हापासून घरात त्या आवाजाची जागा रिकामी होती. आईला ऐकू यायचं, कळायचं, डाव्या हातानं ती खुणा करायची, पण तोंडातून शब्द म्हणून काही फुटत नव्हतं. आणि इथं, परक्याच्या घरात, काळ्या हेडफोनच्या आत, माय मोकळ्या गळ्यानं गात होती. सत्यशीलेनं टेप थांबवली, मागं नेली, पुन्हा ऐकली. पाच वेळा.

जात्यावरच्या ओवीला खाली सही नसते. बाई ओवीत आपल्या भावाचं नाव घालते, तीच तिची सही. बाया एकमेकींच्या ओव्या ऐकतात, उचलतात, पण उचलताना दुसरीच्या भावाचं नाव काढून आपल्या भावाचं घालतात. त्यामुळं ओवीत कुणाचा भाऊ चालतोय, ते पाहिलं की गळा कुणाचा ते समजतं. या कॅसेटभर कडूबा चालत होता. सत्यशीलेचा मामा. उषाबाईचा एकुलता एक भाऊ.

तिनं काकासाहेबांना सांगितलं. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते.

"तुझ्या मायचा आवाज?"

"हो काकासाहेब. माय तुमच्याकडं दळायला यायची. केशरआजी चाळायच्या आन् माय दळायची. ओव्यात कडूबामामाचं नाव हाये बघा, जागोजागी."

काकासाहेबांनी पेपर खाली घेतला. डोळे मिटून थोडा वेळ झोपाळा हलवला. "असंल. उषाबाई आमच्या घरच्यासारखीच होती. टाकू की नाव. पहिल्याच पानावर टाकू. ओव्या उषाबाईच्या, संग्रह केशरबाईचा. बराबर?"

"बराबर," सत्यशीला म्हणाली. त्या दिवशी घरी जाऊन तिनं आईच्या डाव्या हाताचा पंजा आपल्या दोन्ही हातांत धरला. "माय, तुझं नाव पुस्तकात येणार. मामाचं पण." उषाबाईनं मान हलवली नाही. ती लेकीच्या तोंडाकडं एकटक पाहत राहिली, जणू त्या तोंडातून आपलाच शब्द पुन्हा फुटेल.

बारा जानेवारीच्या शनिवारी पाहुण्याचा फोटो निघाला, तोवर चव्वेचाळीस ओव्या उतरल्या होत्या. बाजाराच्या, माहेराच्या, पटक्याच्या.

*बाजाराच्या दिशी, माणसाची झाली दाटी*
*कडूबाचा माझ्या, पटका दिसतो पाठी*

मग संक्रांतीच्या आठवड्यात कॅसेटची दुसरी बाजू लागली. तिथं आवाज बदलला. जातंही संथ झालं. एकोणीस ओव्या होत्या, साऱ्या विहिरीच्या.

त्र्याऐंशी साली काकासाहेबांच्या मळ्यात विहीर खोदत होते. कडूबा सुरुंगवाला होता. खडकात भोकं पाडायची, दारू भरायची, वात पेटवून वर यायचं. वर ओढणाऱ्या यारीचा दोर तुटला. सत्यशीला तेव्हा दहा वर्षांची होती. घरात त्या दिवसाबद्दल कधीच कुणी बोललं नव्हतं. आईनं सारं जात्याला सांगून ठेवलं होतं.

*यारीचा गं दोर, पीळ पिळाचा सुटला*
*कडूबा माझा बंधू, खाली तळाशी मिटला*

*विहिरीला लागलं पाणी, गाव पाहतं वाकून*
*कडूबाचं माझ्या, तोंड ठेवलं झाकून*

त्या एकोणीस ओव्या सत्यशीलेनं रडत टाइप केल्या असं कुणाला वाटेल. तसं झालं नाही. टायपिंग करणाऱ्या माणसाचं एक असतं. कानातून आलेलं थेट बोटात जातं, मधे थांबत नाही. संध्याकाळी घरी जाताना तिला त्यातल्या दोनच ओव्या आठवायच्या. बाकीच्या पाहुण्याकडं ठेवल्यात, एवढं तिला पुरेसं होतं. एकोणीस जानेवारीला त्यांचाही फोटो निघाला.

आणि पुढच्या मंगळवारी टेपरेकॉर्डरनं कॅसेट गिळली. फीत दातांत अडकून गुंडाळत गेली, चुरगळली, तटकन तुटली. काकासाहेब म्हणाले, "जाऊ दे. अक्षरात आलंय ना सारं? काम झालं तिचं." द्वारकाबाईंनी ती फीत उचलून परसातल्या पेरूला टांगली, पाखरं हाकलायला. सत्यशीला पाचला निघाली तेव्हा वाऱ्यावर ती चमकत होती. तिनं तिकडं पाहिलं आणि मनात म्हणाली, फोटोत आहे. फोटोत सारं आहे.

काकासाहेबांचा एक पुतण्या होता, देवानंद. बसस्टँडजवळ कॉम्प्युटर क्लास चालवायचा, गळ्यात पेनड्राइव्ह अडकवून हिंडायचा. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी तो येऊन गेला. सोमवारी सत्यशीलेनं पाहुण्याला उठवलं, फाइल उघडली आणि पहिलीच ओवी वाचली.

*भाऊ माझा सर्जेराव, राहो वाटंवरी सुखी*

ओवी लंगडत होती. जात्याचा फेरा पुरा व्हायचा आणि नाव अजून संपलेलं नसायचं. ती खाली खाली जात राहिली. पटका सर्जेरावचा. बाजार सर्जेरावचा. कडूबा कुठंच नव्हता. देवानंदनं एका फटक्यात सगळीकडं नाव बदललं होतं. पन्नास ठिकाणी.

सर्जेराव म्हणजे केशरबाईंचे धाकटे भाऊ, शहागडचे. एक्याऐंशी वर्षांचे, ठणठणीत.

ती उठून झोपाळ्याजवळ गेली. "काकासाहेब, कडूबा कुठं गेला?"

"कोण कडूबा?"

"माझा मामा."

"तुझा मामा त्र्याऐंशीलाच गेला की बाई."

आत द्वारकाबाई हसल्या. मेथी निवडत निवडत दारात आल्या. "आमच्या सासूबाईच्या ओव्यात तुझा मामा कशाला पाहिजे गं? त्यांला सख्खा भाऊ हाये ना, जिता-जागता."

"पण आवाज माझ्या मायचा होता काकू."

"आवाज?" द्वारकाबाईंनी परसाकडं मान वळवली. "कुठंय आवाज?"

सत्यशीला काकासाहेबांकडंच पाहत राहिली. "तुम्ही म्हणल्ते, पहिल्या पानावर नाव टाकू."

"ओवी म्हंजी काय सातबारा हाये का सत्यशीला, नाव लावून मागायला?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. शाळेत नापास पोराला सांगायचे तसे. "लोकगीत हाये ते. ते कुणाचंच नसतंय."

"कुणाचंच नसतंय, तर तुम्ही कशाला लावलं?"

झोपाळा थांबला. काकासाहेबांनी पेपर पुन्हा वर घेतला. पेपरच्या मागून म्हणाले, "पाहुण्याला झोपव. लाइट जाईल."

तिनं काम सोडलं नाही. सोडलं असतं तर त्या घराचं दार तिला पुन्हा उघडलं नसतं, आणि दाराच्या आत फोटो होते. एकोणीस जानेवारीचा, सव्वीसचा, दोन फेब्रुवारीचा. तिन्हीत कडूबा जसाच्या तसा. पुस्तक छापायला जाईपर्यंत आपण इथं असलो तर कधीतरी त्यांचं मन वळेल, नाहीतर आपली बोटं तरी वळतील, असं ती स्वतःला सांगायची. एकोणीस ओव्या वहीत उतरवून न्याव्यात असंही रोज मनात यायचं. पण दोन ते पाच दारात कुणी ना कुणी असायचंच, आणि फोटो कुठं पळून जात नव्हते.

सोळा फेब्रुवारीला छापखान्यातून कच्ची पानं आली आणि अठराला सोमवारी शहागडहून सर्जेरावमामा आले. बहिणीच्या पुस्तकाचं कौतुक म्हणून. ओसरीवर खुर्ची टाकली, जाड भिंगाचा चष्मा चढवला, आणि बोट ठेवून ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. पहिली काही पानं त्यांची छाती फुगत गेली. "बघा, अक्कानं किती आठवण काढली माझी! पटका तर मी कधी बांधला न्हाई, पण अक्काची नदर!"

काकासाहेब हसले. द्वारकाबाईंनी भजी आणली. आतल्या खोलीत सत्यशीला पाहुण्यासमोर बसून होती.

मग मामांचं बोट अडखळलं.

"यारीचा गं दोर, पीळ पिळाचा सुटला. सर्जेराव माझा बंधू..." ते थांबले. पुढची ओळ त्यांनी मनात वाचली. पान उलटलं. आणखी एक वाचली. मग पानं मांडीवर ठेवली आणि चष्म्यावरून भाच्याकडं पाहिलं.

"काक्या, मी मेलोय का रं?"

"काय मामा?"

"हितं लिहिलंय. मी तुझ्या इहिरीत पडून मेलोय. तोंड झाकून ठेवलंय माझं. सारं गाव पाहून राह्यलंय." त्यांनी पानांवर बोट आपटलं. "एकदा न्हाई, एकोणीस डाव मेलोय. अक्का गेली, आन् तिच्या तोंडून माझं मरण छापायला लागला का तू? जित्या माणसाचं?"

भजी तशीच राहिली. मामांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "हे पुस्तक निघालं तर मी त्या दिवसाच्या आत जातो बघ. लिहून ठेव," असं म्हणून काठी टेकत ते शहागडला जायला स्टँडवर निघाले. काकासाहेब अनवाणी त्यांच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेले.

परत आले तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. कच्ची पानं त्यांनी स्वतः न्हाणीच्या बंबात घातली. मग देवानंदला बोलावून घेतलं. तिघंही आतल्या खोलीत आले. काकासाहेब, द्वारकाबाई, देवानंद. सत्यशीलेच्या खुर्चीमागं उभे राहिले.

"देवा, त्या इहिरीच्या ओव्या काढून टाक."

"काढतो ना काका. एक मिनिटाचं काम."

"तसं नको. पुसलेलं परत येतंय म्हणतेत ह्यात. कचरापेटीत राहतंय. मामाचं मरण माझ्या घरात कशातच राहू नये. कागदावर न्हाई, पेटीत न्हाई. झालंच न्हाई, असं पाहिजे."

देवानंद विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. "मंग मागं जावं लागंल. फोटो हायेत ना. ह्या ओव्या टाइप व्हायच्या आधीचा फोटो कवाचा?"

सगळ्यांना माहीत होतं, उत्तर खुर्चीत बसलंय.

"सत्यशीला," काकासाहेब म्हणाले.

"बारा जानेवारीचा," ती म्हणाली.

"मंग त्याच्या पुढचे सारे फोटो उडवायचे आन् पाहुण्याला बारा तारखेत नेऊन सोडायचा," देवानंद म्हणाला. "प्रस्तावना, शुभेच्छा कागदावर हायेत. त्या परत मारता येतील. सरका, मी करतो."

"तू नको," द्वारकाबाईंनी त्याचा दंड धरला. "जिनं मरण लिहिलं तिलाच पुसू दे. दोष आपल्या हाताला कशाला?"

सत्यशीलेनं माउसवरून हात उचलला आणि मांडीत घेतला. "मी न्हाई करणार."

काकासाहेब शेजारी स्टूल ओढून बसले. पहिल्यांदाच तिच्या इतक्या जवळ. आवाज एकदम मऊ केला. "हे बघ बाई. बारा तारखेला त्या ओव्यात नाव कुणाचं होतं?"

तिला त्यांचा रोख कळायला क्षणभर लागला. "कडूबाचं."

"देवानं नाव बदललं ते फेब्रुवारीत. बारा तारखेत गेलो, की तेबी झालंच न्हाई. बराबर? चव्वेचाळीस ओव्यात तुझा मामा चालतोय, हिंडतोय, पटका बांधतोय. राहू दे त्याला तसाच. मला त्याचा काय तरास? तुझ्या मायचं नाव पहिल्या पानावर. फक्त त्यो मेलेला नको. जिता ठेव त्याला."

सत्यशीला पडद्याकडं पाहत राहिली. एकीकडं एकोणीस ओव्या होत्या, ज्या जगात दुसरीकडं कुठंच नव्हत्या. फीत पेरूवर, आवाज मायच्या गळ्यात कोंडलेला. दुसरीकडं कडूबाचं नाव. दोन्ही राहणार नव्हतं. नाही म्हणाली असती तर देवानंदचा हात होताच, आणि मग दोन्हीही गेलं असतं.

"एक कागद द्या," ती म्हणाली. "एकोणीस उतरवून घेते. मी घरी ठेवीन. मामाचंच नाव घालून लिहीन, सर्जेरावांचं न्हाई."

"कागद बिलकुल न्हाई. आत्ताच म्हणलो ना, कागदावर न्हाई."

"मंग एकदा वाचू तरी द्या."

"वाच," काकासाहेब म्हणाले. "मनात."

ती वाचायला लागली. एक एक ओवी डोळ्यांनी उचलायची, सर्जेराव काढून कडूबा बसवायचा, मनात ठेवायची, पुढची उचलायची. चौथीला पहिली निसटली. ओंजळीत पाणी भरावं आणि बोटांच्या फटी मोजत बसावं तसं झालं. सहावीपाशी द्वारकाबाई म्हणाल्या, "जल्दी कर गं, लाइट जाईल." अकरावीपाशी देवानंदनं मागून हात घालून फाइल बंद केली.

फोटोंची यादी समोर आली. ओळीनं लहान लहान चौकोन, खाली तारखा. सोळा फेब्रुवारी. तिनं तो उडवला. नऊ. दोन. सव्वीस जानेवारी. प्रत्येक वेळी एक चौकोन गळायचा आणि बाकीचे सरकून जवळ यायचे, ताटातला घास उचलल्यावर भात सरकतो तसे. एकोणीस जानेवारीपाशी तिचं बोट थांबलं.

"उडव," काकासाहेब म्हणाले.

तिनं उडवला. मग बारा तारखेवर बोट ठेवलं आणि मागं जायचं बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली. खाली दोन बटणं.

"काय म्हणतीय ती?" काकासाहेबांनी चष्मा चाचपला.

सत्यशीलेनं ती चौकट वाचली होती. एक होकार, आणि या घडीचं सारं एका नव्या फोटोत गुपचूप जाऊन बसलं असतं. तिनं बाण होकाराकडं सरकवला.

"काका, विचारायलीय," देवानंद म्हणाला, "आत्ताचं ठेवून घेऊ का म्हणून."

काकासाहेब सत्यशीलेच्या कानाशी वाकले.

"न्हाई म्हण."

बाण होकारावरून हलला नाही.

"सत्यशीला. न्हाई म्हण तिला."

तिनं न्हाई म्हटलं.

पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. कोपऱ्यातल्या घड्याळात क्षणभर बारा जानेवारी दिसला आणि मग एका उडीत आजची तारीख झाली. फाइल उघडीच होती, त्या शनिवारी सोडली होती तशी. चव्वेचाळिसाव्या ओवीच्या शेवटी उभी रेघ लुकलुकत होती. आणि वरपासून खालपर्यंत कडूबा होता. बाजारात, वाटेवर, पाठमोरा, उंच. सत्यशीलेनं हात तोंडावर दाबला. दोन आठवड्यांनी ती ओवी लंगडत नव्हती.

"झालं?" काकासाहेबांनी विचारलं.

"झालं काका. ह्यात कुणीच मरत न्हाई आता," देवानंद म्हणाला.

"नक्की?"

"नक्की. फोटो न्हाईत, काही न्हाई."

काकासाहेब स्टुलावरून उठले. गुडघे दाबले. धोतराचा सोगा झटकला. मग देवानंदला म्हणाले, "घाल मंग आता मामाचं नाव."

सत्यशीला वळली. "काकासाहेब!"

"आता अडचण काय हाये?" ते खरोखरच चकित झाल्यासारखे म्हणाले. "आता सारं चांगलंच हाये त्यात. मामा खूश होतील."

देवानंदनं कळफलक तिच्या हाताखालून ओढून घेतला. तिच्या डोक्यावरून वाकून त्यानं एका रकान्यात एक नाव टाइप केलं, खालच्या रकान्यात दुसरं. एक टकटक. पडद्यावर आकडा उमटला. एकतीस ठिकाणी बदल झाला.

द्वारकाबाई म्हणाल्या, "चला. चहा घेतेत का सारे?" आणि खिडकीतला ग्लास उचलून, बोटाच्या टोकांनी धरून, त्यांनी तो सत्यशीलेपुढं ठेवला.

ती चहा न घेताच निघाली. दुसऱ्या दिवसापासून तिला येऊ नको म्हणून निरोप आला. फोटो काढायचं काम देवानंदकडं गेलं.

वर्षश्राद्धाला मांडव पडला. सर्जेरावमामा मधल्या खुर्चीवर बसले, फेटा बांधून. पुस्तक छान निघालं होतं, जाड गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर केशरबाईंचा फोटो आणि खाली त्यांचं एकटीचं नाव. आठवड्यानं देवानंदनं एक प्रत तहसीलसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात आणून टाकली. "काकांनी दिली. तुझ्या मायला दाखव म्हणले."

दुपारी उन्हानं पत्रा तडतडत होता. सत्यशीला आईच्या बाजेशी बसली आणि वाचायला लागली. जिथं सर्जेराव छापलं होतं तिथं तिनं कडूबा वाचलं. एकदाही चुकली नाही. उषाबाईचे डोळे भरून आले. डावा हात बाजेवर गोल गोल फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा. चव्वेचाळीस ओव्या होईपर्यंत तो फिरत होता.

पुस्तक संपलं. हात थांबला नाही. मग त्यानं खुणा सुरू केल्या. खाली बोट. आणखी खाली. मुठीत दोर धरल्याची खूण. दोर ओढल्याची. मग सगळी बोटं एकदम उघडून, रिकामी.

सत्यशीलेला येत होत्या त्या दोन ओव्या तिनं म्हटल्या. दोराची आणि पाण्याची. उषाबाईनं मान हलवली, हात पुढं केला. पुढची.

"माय..."

हात पुढंच होता. पुढची. आणखी पुढची. बोटं मोजायला लागली, एका पेरावरून दुसऱ्या पेरावर, आणि थांबली तेव्हा आकडा बरोबर एकोणीस होता.

"तेवढ्याच होत्या, माय," सत्यशीला म्हणाली. "टेपवर तेवढ्याच होत्या."

उषाबाई तिच्याकडं पाहत राहिली. मग तो हात उठला आणि लेकीच्या गालावर सणकन बसला. दोन वर्षांत त्या हातानं इतका जोर कशालाच लावला नव्हता. पुस्तक बाजेखाली पडलं.

सत्यशीलेनं गालाला हात लावला नाही. वाकून पुस्तक उचललं, मुडपलेलं पान सरळ केलं, आणि पहिल्या ओवीपासून पुन्हा वाचायला घेतलं.